दुसऱ्या हेडफोनचं भोक

पहिल्या वॉकमनला हेडफोन लावायला दोन भोकं होती. जुलै १९७९ मध्ये सोनीने कॅसेट वाजवणारं हे खिशातलं यंत्र जपानमध्ये विकायला काढलं, तेव्हा त्यावर एक नारिंगी बटणही होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज बारीक व्हायचा, आतला मायक्रोफोन सुरू व्हायचा आणि एकाच यंत्रावर ऐकणाऱ्या दोघांना हेडफोन न काढता एकमेकांशी बोलता यायचं. कंपनीचे सहसंस्थापक अकिओ मोरिता यांना वाटत होतं, की शेजारी माणूस असताना एकट्यानेच कानात गाणं घालून बसणं उद्धटपणाचं आहे. लोकांनी यंत्र डोक्यावर घेतलं आणि एकेकट्यानेच वापरलं. पुढच्या मॉडेलांमधून आधी बटण आणि मग दुसरं भोक, दोन्ही नाहीशी झाली.

१९९७ मध्ये संस्कृतीचे अभ्यासक पॉल दु गे, स्टुअर्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांसाठी या एकाच यंत्रावर अख्खं पाठ्यपुस्तक लिहिलं. कुठलीही सांस्कृतिक वस्तू त्यांनी पाच बाजूंनी पाहायला सांगितली. तिचं चित्रण कसं होतं, तिच्याशी कुणाची ओळख जोडली जाते, ती बनते कशी, वापरली कशी जाते आणि तिच्यावर नियम कोण घालतं. सुरुवात कुठूनही करा, पण पाचही ठिकाणी जाऊन या, एवढीच अट. शेवटची बाजू विद्यार्थी हटकून गाळतात. वास्तविक दुसऱ्याच्या कानातून गळणाऱ्या आवाजाचं सार्वजनिक वाहनात काय करायचं, या किरकिऱ्या प्रश्नातूनच खासगी आणि सार्वजनिक यांची सीमा सगळ्यात स्पष्ट दिसते.

लोकप्रिय संस्कृतीवर उत्तर-आधुनिक (पोस्टमॉडर्न) चष्म्यातून झालेलं बरंच लिखाण त्या दुसऱ्या भोकापर्यंत पोचतच नाही. ‘तुकड्यातुकड्यांत विखुरलेला स्व’, ‘शहराचं दृश्यात रूपांतर’, ‘सीमारेषांचं पुसलं जाणं’ ही वाक्यं टेबलाशी बसून लिहिता येतात. खोटी नाहीत ती. पण वॉकमनला एक भोक असतं तरी हीच वाक्यं लिहिली गेली असती आणि दहा असती तरी हीच. वस्तू बदलली तरी निष्कर्ष हलत नसेल, तर त्या वस्तूचा अभ्यास झालेलाच नाही. सिद्धान्तांशी माझं भांडण नाही. त्यांचं काम काय असावं, याविषयी मात्र मला बरंच म्हणायचं आहे.

आधी शब्दांचं बघू. इंग्रजीत फोक, मास आणि पॉप्युलर असे तीन शब्द आहेत आणि त्यांच्या पाठीशी तीन वेगवेगळी भांडणं. मराठीत ‘लोकसंस्कृती’ म्हटलं की जुनी, निनावी, तोंडी चालत आलेली परंपरा समोर येते आणि ‘लोकप्रिय’ म्हटलं की तिकीटबारी. ‘लोक’ दोन्हीकडे तोच. शिवाय ‘प्रिय’ हे शेपूट चौकशीआधीच निकाल देऊन मोकळं होतं. माणसं कितीतरी गोष्टी प्रिय नसताना पाहतात. चालू आहे म्हणून, घरातल्या दुसऱ्या कुणाला बघायचंय म्हणून, झोप येत नाही म्हणून.

१९८१ मध्ये स्टुअर्ट हॉलने ‘लोकप्रिय’ या शब्दाचे तीन अर्थ सोडवून दाखवले. पहिला बाजाराचा, म्हणजे जे पुष्कळ लोक विकत घेतात ते. दुसरा, लोक जे जे करतात ते सगळं. हा ऐकायला उदार वाटतो, पण कामाला निरुपयोगी. टपाल तिकिटं जमवण्यापासून बागेतल्या मातीच्या बाहुल्यांपर्यंत यादी वाढतच जाते आणि कुठे थांबायचं ते कळत नाही. त्याने तिसरा धरला. उच्च आणि लोकप्रिय अशी रेघ प्रत्येक काळात ओढली जाते. रेघेच्या अलीकडे-पलीकडे काय पडतं ते बदलतं, पण रेघ ओढण्याचा उद्योग थांबत नाही. तेव्हा ती कोण ओढतं ते पाहायचं. परीक्षणांना जागा कुणाला मिळते, अभ्यासक्रमात काय शिरतं, पुरस्कार कोण ठरवतं, अभिलेखागार काय जपतं आणि काय रद्दीत घालतं. हे शोधायला जुने अंक, नियमावल्या आणि याद्या चाळाव्या लागतात. काम कंटाळवाणं आहे, म्हणून फारसं कुणी करत नाही.

‘उत्तर-आधुनिक’ या शब्दाखाली तर तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरलेल्या असतात. एक कालखंड, एक शैली आणि एक विचारपद्धती. लेख वाचताना समासात नोंद करत जावं, की या वाक्यात तिघांपैकी कोण बोलतंय. अनेक लेखांत दर दोन परिच्छेदांनी बोलणारा बदलतो आणि लेखकाला त्याचा पत्ता नसतो.

विचारपद्धतीचा सगळ्यात उद्धृत होणारा दस्तऐवज म्हणजे फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-फ्राँस्वा ल्योतारचा. तोही १९७९ चाच, वॉकमनच्या वर्षाचा. कॅनडातल्या क्यूबेकच्या सरकारी विद्यापीठ-मंडळाने मागवलेला तो अहवाल होता आणि विषय होता ज्ञान. ते संगणकात भरण्याजोगं व्हावं लागलं, विकलं जाऊ लागलं, तर त्याची प्रतिष्ठा कशावर टिकणार? प्रगती, मुक्ती अशा सगळ्याला कवेत घेणाऱ्या महाकथनांवर आता विश्वास उरलेला नाही, हे त्याचं प्रसिद्ध निदान या संदर्भातलं आहे. त्यात सिनेमा-मालिकांचा अभ्यास शोधू गेलात तर हाती फारसं लागणार नाही. १९८२ च्या एका निबंधात मात्र त्याने रेगे ऐकणारा, वेस्टर्न बघणारा, जगभरची चव आणि फॅशन एकत्र करणारा माणूस रंगवला. तो उतारा उत्तर-आधुनिक मौजेचा जाहीरनामा म्हणून फिरवला जातो. मूळ निबंधात ल्योतार कुरकुरतोय. कसोटीच उरली नाही की पैसा ही एकच कसोटी उरते, असं त्याचं म्हणणं आहे. उतारा संदर्भातून उचलला की तो नेमका उलटा बोलू लागतो, त्याचं हे ठसठशीत उदाहरण.

शैलीच्या बाजूला वास्तुरचना येते आणि तिथलं एक वाक्य फार गाजलं. आधुनिक वास्तुकला १५ जुलै १९७२ रोजी दुपारी ३ वाजून ३२ मिनिटांनी सेंट लुइसमध्ये मेली, असं वास्तुसमीक्षक चार्ल्स जेंक्सने १९७७ मध्ये लिहिलं. तिथली प्रुइट-आयगो ही ११ मजली ३३ इमारतींची सरकारी वसाहत सुरुंग लावून पाडली गेली, तो हा क्षण. पण पाडकाम त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झालं होतं आणि १९७६ पर्यंत चाललं. घड्याळातलं ते मिनिट नाट्यासाठी आहे. महाकथनं संपली असं सांगणाऱ्या विचाराला स्वतःच्या जन्माची इतकी नेमकी वेळ लागावी, हे गमतीचं. त्यातला पेच मात्र गमतीचा नाही. इमारत ‘आधुनिकतेचं चिन्ह’ ठरली आणि वसाहत का कोसळली याची कारणं मागे पडली. शहराची घटती लोकसंख्या, देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातूनच काढायची अट, वंशानुसार झालेली वस्त्यांची फाळणी. हे सगळं नंतरच्या इतिहासकारांना पुन्हा उकरावं लागलं. चिन्ह वाचायची सवय लागली की कारण विचारायची सवय सुटते. या अभ्यासातली ही सगळ्यात महागडी चूक.

अमेरिकन मार्क्सवादी समीक्षक फ्रेडरिक जेमसन त्याहून सावध. १९८४ च्या दीर्घ निबंधात त्याने लॉस एंजेलिसच्या बोनाव्हेंचर हॉटेलमधून फिरताना माणसाची दिशा कशी हरवते ते लिहिलंय. चार सारखे मनोरे, न सापडणारी प्रवेशद्वारं, तळातली भलीमोठी पोकळी. या नव्या अवकाशात स्वतःची जागा ओळखायला लागणारी इंद्रियं आपल्याकडे अजून नाहीत, असा त्याचा दावा. त्याच परिच्छेदांत एक बारीक नोंद आहे. दुकानं लोकांना सापडतच नव्हती, म्हणून नंतर रंगांच्या खुणा आणि पाट्या लावाव्या लागल्या. जेमसनला त्यात जुनी सवय परत आणण्याची केविलवाणी धडपड दिसते. मला वाटतं, अभ्यासाचा खरा दरवाजा तिथे आहे. पाट्या कधी लागल्या, मागणी कुणी केली, कुठला रंग कशासाठी निवडला, झाडलोट करणारे कामगार पाट्यांशिवाय कसे फिरत होते? भांबावलेला पाहुणा हा त्या इमारतीचा एकच वापरकर्ता आहे, आणि तो फार तर दोन रात्री राहतो.

फ्रेंच विचारवंत ज्याँ बोद्रियारकडे वळू. हा विद्यार्थ्यांचा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात हाल झालेला. प्रतिमेच्या चार पायऱ्या त्याने १९८१ च्या पुस्तकात मांडल्या. पहिलीवर प्रतिमा वास्तवाचं प्रतिबिंब असते. दुसरीवर ती वास्तव झाकते, विपर्यस्त करते. तिसरीवर, झाकायला आत काही नाही हीच गोष्ट झाकते. चौथीवर तिचा वास्तवाशी संबंधच उरत नाही. बहुतेक लेख पहिल्या ओळीपासून चौथ्या पायरीवर उभे असतात, कारण तिथे पुरावा लागत नाही. या चार पायऱ्या निष्कर्ष म्हणून घेऊ नयेत, चार प्रश्न म्हणून घ्याव्यात. मग त्या भरपूर काम करतात.

उदाहरणार्थ, ‘पडद्यामागे’ म्हणून दाखवली जाणारी चित्रफीत घ्या. कलाकार मेकअपच्या खुर्चीत बसून सहज गप्पा मारतोय, असा आव. हे दुसऱ्या पायरीवर आहे की तिसऱ्या? फ्रेम थांबवून डोळ्यांची बुबुळं मोठी करून पाहायची. त्यात चौकोनी किंवा मोठा गोल पांढरा ठिपका दिसला तर समोर चित्रीकरणाचा दिवा आहे, आणि खोलीतल्या आरशाचे दिवे नुसते शोभेला. कॉलरवर माइक दिसत नाही तरी आवाज कोरडा, जवळून आलेला आणि खोलीचा घुमारा नसलेला असेल, तर माइक कपड्यांत लपवलाय किंवा चौकटीच्या जरा वर टांगलाय. बोलणाऱ्याचा चेहरा, मग ऐकणाऱ्याचा चेहरा, मग पुन्हा बोलणारा असे तुकडे असतील आणि कुठल्याच कोनात दुसरा कॅमेरा दिसत नसेल, तर एकाच कॅमेऱ्यासमोर ते बोलणं दोनदा झालं असण्याची दाट शक्यता. चहाच्या कपातली पातळी तुकड्यागणिक वरखाली होत असेल तर शंकाच नको. हे सगळं जुळलं, की ‘मागचं’ म्हणून जे दाखवलं तेही पुढचंच होतं असं म्हणता येतं, आणि तिसऱ्या पायरीचा दावा पायावर उभा राहतो. एखादी खूण उलट गेली, खुर्चीमागच्या आरशात कंटाळून जांभई देणारा सहायक दिसला, तर तीही नोंदवायची. ‘सिम्युलाक्रम’ (मूळच नसलेली प्रत) हा बोद्रियारचा शब्द ‘खोटं’ या अर्थी वापरला की ही सगळी तपासणी वाया जाते. खोट्याला खरं असावं लागतं, आणि तिसऱ्या पायरीचा मुद्दा तर खरं जागेवरच नाही, हा आहे.

पॅस्टिशचंही असंच. याला मराठी शब्द नाही. ‘विडंबन’ चालत नाही, कारण विडंबनात नांगी असते. जेमसनच्या मते पॅस्टिश म्हणजे नांगी काढलेलं विडंबन. नक्कल तीच, पण टोचायचं कुणालाच नाही. भूतकाळ त्यात इतिहास म्हणून येत नाही, ‘जुनंपण’ नावाचा रंग म्हणून येतो. समीक्षक लिंडा हचनला हे पटत नाही. तिच्या मते उत्तर-आधुनिक नक्कल ज्याची नक्कल करते त्यालाच प्रश्न विचारत असते. दोघांपैकी बरोबर कोण, हे प्रत्येक वस्तूपुरतं तपासता येतं, पण त्यासाठी दोषांची माहिती हवी.

नवीन गाण्याची चित्रफीत आहे आणि ती जुन्या टेपसारखी दिसते, असं समजू. आधी उसन्या खुणांची यादी. चौकट ४:३ आहे का, तळाशी थरथरणारा पट्टा आहे का, लाल रंग कडेने सांडतोय का, कोपऱ्यात तारीख आहे का, उभे ओरखडे आणि दाणेदारपणा आहे का. मग प्रत्येक खुणेचं मूळ यंत्र लिहायचं. थरथरता पट्टा आणि सांडणारा रंग हे व्हिडिओ टेपचे दोष. ओरखडे आणि दाणे फिल्मचे. दोन्ही एकाच फ्रेममध्ये दिसले तर लगेच ‘सापडलं!’ म्हणू नये, कारण फिल्म टेपवर उतरवली असेल तर दोन्ही खरोखरच येतात. दोष ठरावीक सेकंदांनी तसाच्या तसा परत येतो का ते बघा. येत असेल तर तो वरून चिकटवलेला थर आहे. अक्षरं धारदार आणि चित्र धूसर असेल तर अक्षरं नंतरची. शेवटी प्रश्न असा, की या सगळ्या खुणा मिळून कुठलं एक वर्ष, कुठलं एक यंत्र सांगतात का? चार दशकांचे दोष एकत्र कालवले असतील तर बनवणाऱ्याला काळ नको होता, फक्त जुनंपण हवं होतं, आणि जेमसनच्या पदरात एक पुरावा पडला. पण खुणा कॅमेऱ्याच्या एकाच पिढीशी तंतोतंत जुळल्या, तारखेच्या अंकांचं वळणसुद्धा त्याच यंत्राचं निघालं, तर समोर कुणीतरी भूतकाळाचा बारकाईने अभ्यास केलाय. त्याला वरवरचं म्हणणं अन्यायाचं ठरेल.

अशा तपासणीला बसण्याआधी नोंदवही लागते. तीस सेकंदांची जाहिरात घ्या. पहिल्यांदा आवाज बंद करून पाहा, दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून ऐका, तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. मग तक्ता. एका शॉटला एक ओळ आणि रकाने असे: क्रमांक, सुरुवात-शेवट सेकंदांत, चौकटीत काय, कॅमेरा हलतो का, बोलणं, संगीत, इतर आवाज, पडद्यावरची अक्षरं. शेवटचा रकाना ‘मला काय वाटतं’ याचा, आणि तो पूर्ण तक्ता भरेपर्यंत कोरा ठेवायचा. चौथ्या शॉटला ‘पितृसत्ता’ लिहून टाकलं की पाचव्यापासून पुढे डोळ्यांना तेवढंच दिसतं. झपाझप कापलेल्या जाहिरातीत वीसेक शॉट सहज निघतात आणि पहिल्यांदा करणाऱ्याची अख्खी सकाळ जाते. जाऊ द्यावी.

त्यानंतर अदलाबदलीची कसोटी. चिन्हमीमांसावाल्यांची, म्हणजे चिन्हांना अर्थ कसा येतो ते अभ्यासणाऱ्यांची, ही जुनी युक्ती आता संपादनाच्या कुठल्याही साध्या सॉफ्टवेअरवर करता येते. एकच गोष्ट बदलायची. निवेदनाचा पुरुषी आवाज काढून बाईचा घाला, किंवा संगीत काढा, किंवा शेवटची ओळ झाका. अर्थ हलला का? दोन-तीन जणांना मूळ न दाखवता बदललेलं दाखवून विचारा. हलला नसेल तर तो तपशील कितीही आकर्षक असो, त्यावर तीन पानं लिहायचा अधिकार गेला. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर प्रयोग फुकट, कारण फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही.

थोरांचंही इथे घसरतं. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थने १९५५ च्या पारी-मॅच साप्ताहिकाच्या मुखपृष्ठाचं केलेलं विश्लेषण सगळीकडे शिकवलं जातं. फ्रेंच गणवेशातला कृष्णवर्णीय मुलगा, सलाम ठोकणारा हात, वर वळलेली नजर. चित्र साधं, आणि त्यावर चढलेला दुसरा अर्थ साम्राज्य कसं न्याय्य आहे ते सांगणारा. वाचन भेदक आहे यात वाद नाही. पण मुलगा कशाकडे बघतोय हे सांगताना बार्थ तिरंगी फ्रेंच झेंड्याची घडी आणतो आणि आधी ‘बहुधा’ असं लिहितो. मुखपृष्ठावर झेंडा नाही. बार्थने निदान ‘बहुधा’ लिहिलं. त्याच्यामागून आलेल्यांनी कित्येकदा तेवढाही शब्द खर्च केला नाही, आणि झेंडा आता चित्रातच असल्यासारखा वावरतो.

तुमच्या-माझ्या फोनवर सरकत जाणाऱ्या पट्टीने (फीडने) या सगळ्यात नवी अडचण आणली. मालिकेचा भाग सगळ्यांना सारखाच दिसत होता, ही पट्टी दोघांना सारखी दिसत नाही. म्हणून ‘मी पाहिलं’ याला पुरावा म्हणून किंमत हवी असेल तर कधी पाहिलं, कुठल्या खात्यावरून, कितव्या क्रमांकावर आलं, वरखाली काय होतं, हे पूर्ण पडद्याच्या छायाचित्रासकट त्याच वेळी ठेवायचं. उद्या ती पोस्ट नसेल. मीमचा अभ्यास एका मीमवरून होत नाही. एकाच साच्याच्या पन्नासेक आवृत्त्या जमवून प्रत्येकीत काय टिकलं आणि काय बदललं याचे दोन रकाने करायचे. सहसा चित्र टिकतं, खालची ओळ बदलते. उलटं झालं की कान टवकारावेत, कारण साचा फुटण्याची जागा तीच असते. आणि कुणा सामान्य माणसाची ओळ उद्धृत करायची असेल तर शब्द थोडे बदलून द्यावेत, नाहीतर शोधयंत्रात टाकताच वाचक थेट त्याच्या दारात पोचतो. तो तुमच्या लेखात यायला कबूल झालेला नसतो.

आता पाहणाऱ्यांकडे. हॉलने १९७३ मध्ये लेस्टरच्या एका परिसंवादात एक टिपण सादर केलं. बनवणारा अर्थ एका पद्धतीने गुंफतो, पाहणारा तो तीनपैकी एका रीतीने सोडवतो. जसाच्या तसा मान्य करून, थोडी घासाघीस करून, किंवा विरोधात जाऊन. हे पाहणीतून आलेलं नव्हतं, पाहणीसाठी मांडलेलं गृहीतक होतं. ते तपासायला माध्यमांचा अभ्यासक डेव्हिड मॉर्ली निघाला. त्याने बीबीसीच्या नेशनवाइड या संध्याकाळच्या कार्यक्रमाचे दोन भाग निवडले, एक मे १९७६ चा, दुसरा मार्च १९७७ चा अर्थसंकल्पावरचा. एक १८ गटांना दाखवला, दुसरा ११ गटांना, म्हणजे २९ गट. बँकेचे व्यवस्थापक, कामगार संघटनांचे लोक, शिकाऊ कामगार, विद्यार्थी. पाहून झालं की चर्चा, ध्वनिमुद्रण, आणि मग शब्दन् शब्द उतरवून काढणं.

१९८० मध्ये छापलेल्या त्याच्या निष्कर्षांत एक जोडी मला फार आवडते. बँक व्यवस्थापकांनी कार्यक्रमातल्या राजकीय आशयावर जवळजवळ तोंडच उघडलं नाही, कारण तो त्यांना हवेसारखा वाटला. त्यांचा राग होता उथळ, चटपटीत मांडणीवर. कामगार प्रतिनिधींचं नेमकं उलट. मांडणी ठीक, रंजक, त्याबद्दल तक्रार नाही, पण आशय ठार अमान्य. कार्यक्रम एकच, तक्रारी दोन, आणि दोन्ही गट स्वतःला चिकित्सक समजत होते. टेबलाशी बसून ही जोडी कुणालाही सुचली नसती. हॉलच्या तीन रकान्यांतही ती नीट बसत नाही, कारण मान्यता आणि विरोध आशयाबद्दल की मांडणीबद्दल, हे रकाने सांगतच नाहीत.

पद्धतीतली खोट मॉर्लीने स्वतःच दाखवली. ही माणसं वर्गात, गटाने, सांगितलं म्हणून कार्यक्रम पाहत होती. घरी त्यांनी तो लावलाच असता असं नाही. म्हणून पुढच्या अभ्यासात तो लंडनमधल्या १८ कुटुंबांच्या घरी गेला, आणि तिथे विषयच बदलला. अर्थ कोण कसा लावतं यापेक्षा रिमोट कुणाच्या हातात असतो, हे महत्त्वाचं निघालं.

माध्यम-अभ्यासक ईएन आंग हिने तर नेदरलँड्समधल्या एका महिला-मासिकात छोटी जाहिरात दिली: मला डॅलस ही अमेरिकन मालिका बघायला आवडतं, पण त्यावर लोक विचित्र प्रतिक्रिया देतात, तुम्हाला काय वाटतं, कळवा. ४२ पत्रं आली. योगायोग असा, की जॅनिस रॅडवेने १९८४ मध्ये प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या ज्या अमेरिकन बायकांचा अभ्यास मांडला त्याही ४२ च. इतक्या थोड्या माणसांवरून ‘प्रेक्षक असे असतात’ म्हणता येत नाही, आणि जाणकार तसं म्हणतही नाहीत. ४२ पत्रांतून मिळते ती बोलण्याची तऱ्हा. मालिका आवडणाऱ्यांना स्वतःची आवड समर्थनासकट सांगावी लागते, नावडणाऱ्यांना नुसतं नाक मुरडलं तरी पुरतं, आणि तिसरा गट हसत हसत, ‘ती किती वाईट आहे म्हणून’ बघतो. ज्याला आज सगळीकडे उत्तर-आधुनिक उपरोध म्हणतात, तो आंगला त्या पत्रांत सापडला, आणि तिने तो शहाणपणाचा पुरावा मानला नाही. वरून येणाऱ्या तुच्छतेला तोंड देण्याची ती एक सोय आहे, असं तिचं वाचन.

रॅडवेच्या कामात दोन गोष्टी एकमेकींवर घासतात. पुस्तक उघडून बसणं म्हणजे घरातल्यांना ‘आत्ता मी नाही’ असं सांगणं, हे बायकांनी तिला सांगितलं. आणि त्याच पुस्तकांतल्या कथा मात्र शेवटी लग्नाच्या चौकटीलाच पाठिंबा देतात, हे तिला कथा तपासून दिसलं. फक्त मुलाखती घेतल्या असत्या तर ‘प्रतिकार’ सापडला असता, फक्त कादंबऱ्या वाचल्या असत्या तर ‘शरणागती’. तिने दोन्ही ठेवलं. पुढे ऐंशीच्या दशकात माध्यम-अभ्यासक जॉन फिस्कच्या प्रभावाखाली प्रतिकाराची इतकी चलती झाली, की फाटकी जीन्स आणि खरेदीची दालनंही बंडाची जागा ठरली. १९८८ मध्ये मेगन मॉरिसने वैतागून लिहिलं, की सुख, प्रतिकार आणि उपभोगाचं राजकारण यावरचा एकच लेख हजार वेळा छापला जातोय असा भास होतो. पुष्कळांना ते झोंबलं. अजून झोंबायला हवं.

मुलाखतीचं एक तंत्र तेवढं सांगतो. ‘याचा अर्थ काय?’ असं विचारू नये. माणूस लगेच परीक्षेला बसतो आणि त्याला वाटतं ते उत्तर द्यायच्याऐवजी तुम्हाला हवं ते शोधतो. ‘काल काय झालं त्यात? मी पाहिलं नाही, सांगा’ असं विचारावं. तामार लीब्स आणि एलिहू कॅट्झ यांनी डॅलसच्या भागांवर वेगवेगळ्या समाजांतल्या गटांना असंच पुन्हा सांगायला लावलं. काहींनी गोष्ट क्रमाने सांगितली, काहींनी एकेका पात्राविषयी सांगितलं, रशियातून आलेल्यांनी गोष्ट बाजूला ठेवून तिच्यामागचा संदेश काय ते सांगितलं. सांगताना काय गळतं, तिथे लक्ष द्यायचं. एका तासाचं ध्वनिमुद्रण उतरवायला पाच-सहा तास धरा, गट असेल तर जास्त, कारण सगळे एकदम बोलतात. हशा, खोकला, गप्प राहणं हेही उतरवायचं.

गप्प राहणं विशेष करून. मॉर्लीच्या २९ गटांत कृष्णवर्णीय महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे काही गट होते. त्यांनी कार्यक्रम मान्य केला नाही, घासाघीस केली नाही, विरोधही केला नाही. त्यांच्या जगाशी त्याचा काही संबंधच नव्हता, तेव्हा त्यांनी तो वाचायलाच नकार दिला. तीन रकान्यांच्या तक्त्यात त्यांना जागा नव्हती, म्हणून मॉर्लीला ‘मौनाची टीका’ असं वेगळं नाव द्यावं लागलं. आजच्या आकडेवारीत किती जणांनी पाहिलं, किती सेकंद पाहिलं, कुठे थांबले हे सगळं मोजलं जातं, आणि अंगठा न थांबवता पुढे गेलेल्या माणसाची नोंद फार तर एका वजाबाकीत सापडते. त्याला गाठायचं असेल तर कार्यक्रमाचं नाव न घेता सुरुवात करावी लागते. त्या वेळी घरात कोण होतं, काय चालू होतं, आवाज कुठून येत होता. अशा मुलाखतींत पहिली वीस मिनिटं कामाचं काहीच निघत नाही, आणि नवखे लोक बहुधा तिथेच रेकॉर्डर बंद करतात.